अण्णांचा उजवा हात

ताईने जुन्या अंकांची आणखी एक चळत टेबलावर आदळली, तशी एवढी धूळ उडाली की वर्तमानपत्राच्या दप्तरखान्याचा कारकून शिंकून शिंकून लाल झाला.

"मावशी, कागद जुने आहेत. जरा बेताने."

"मी काय नवी आहे? मला कोण बेताने घेतं?"

संध्याकाळी धाकट्या भावाची पुस्तिका छापायला जायची होती. वडिलांच्या जन्मशताब्दीची. त्यात अण्णांची नोकरी होती, लग्न होतं, पडशाचा इतिहासही होता. आगीची गोष्ट तेवढी भावाने लाल पेनाने उडवली होती.

"थाप आहे ती, ताई. पुरावा आण, छापतो."

अण्णा याच वर्तमानपत्रात कागदाची रिमं वाहायचे. कापडाच्या गोदामाला आग लागली तेव्हा आपण तिसऱ्या मजल्यावर एका हाताने लटकलो, दुसऱ्या काखेत लहान पोरगी होती, असं ते सांगत. इतक्यांदा सांगत, की भिंतीवरच्या पालीने चुकचुकणं सोडून दिलं होतं; तिलाही गोष्ट पाठ झाली होती.

"खालून एकजण सारखा ओरडत होता, 'हलू नकोस, हलू नकोस!' पण पोरगी गुणी हो. चकार शब्द काढला नाही."

"आगीत 'पळ' म्हणतात अण्णा, 'हलू नकोस' कोण म्हणतं?" भाऊ विचारायचा, आणि सगळं घर हसायचं. अण्णाही हसायचे. पण त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. सदरा आईच घालून द्यायची. ते काही थाप नव्हतं.

ताईने पान उलटलं आणि तिचा हात तसाच राहिला. पाऊण पानभर चित्र होतं. धूर, खिडकी, खिडकीला लटकलेला माणूस, काखेत पोर. पोपटाच्या चोचीसारखं नाक, तुटकी भुवई. अण्णाच.

"सापडले!" तिने टेबलावर थाप मारली. कारकून पुन्हा शिंकला.

"हे चित्र होय? फोटोवाला पोचला तोवर आग विझली होती म्हणे, म्हणून चित्र छापलं. चित्रकार इथे बसूनच काढायचे." त्याने नाक पुसलं. "त्याच दिवसाचा एक फोटोही आहे, न छापलेला. बघता?"

चित्र घेऊन ताईला उठता आलं असतं. पण पंगतीतून अर्ध्यावर उठणारी ती नव्हे.

"आण."

फोटोत हीच खोली होती. मांडीवर फळी घेऊन चित्रकार बसला होता, तोंडाचा आ करून. ओरडत होता हे उघड होतं. तुळईच्या कडीला एका हाताने अण्णा लटकले होते, दात आवळून. पायाखालचं स्टूल दूर लोटलेलं. दुसऱ्या काखेत रद्दीचं गाठोडं, आणि गाठोड्याला वर रिबिनीचं फूल.

ताईने रिबिनीच्या फुलावरची धूळ बोटाने पुसली.

"गुणी पोरगी," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. कडी अजून तिथेच होती.

फोन वाजला.

"ताई, छापखानेवाला डोक्यावर बसलाय. थापच होती ना?"

तिने फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा हात सरळ वर, कडीच्या दिशेने उचलला. कारकून बघत राहिला.

"लिही. अण्णा एका हाताने लटकले होते. हात कायमचा गेला, पण हलले नाहीत."

"म्हणजे खरंच? आणि आग?"

"आग गोदामात होती. फोटो पाठवते, तो छाप. अख्खा. चित्रकार, स्टूल, गाठोडं, सगळं. कुठे कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे."

"गाठोडं? कसलं गाठोडं?"

"आधी लिही. सावकाश लिही."

तिचा खांदा भरून आला होता. पलीकडे पेन कागदावर कुरकुरत होतं, आणि ते थांबेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.