टेबलाखालची बिअर

धाकटीचे केस कानशिलापाशी पांढरे झाले, चष्मा लागला, कारखान्यातली माणसं तिच्या आवाजाला वचकून असायची, तरी घरात ती आपली धाकटीच. बिअरचा कारखाना छोटासा, भावाबहिणीचा. बाटल्या धुणं, भरणं, बुचं मारणं, सगळं ती बघायची. फक्त तांब्याच्या हंड्याला हात लावायची नाही. बिअर करायची ती दादानं, तिच्या थोरल्या भावानं. आणि यामागचं भांडण असं, की ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यावा.

झालं होतं काय, तर दादानं एकदा तिला एक घाणा, म्हणजे हंडाभर बिअर, एकटीनं करायची परवानगी दिली. पहिलाच घाणा. त्या घरात रीत अशी की माळ्यावरच्या गिरणीत धान्य भरडायचं, ते खालच्या झाकणाच्या पिंपात पडायचं, आणि पिंपाची खिट्टी ओढली की सगळं खाली हंड्यातल्या गरम पाण्यात. जो आधी वर जाईल त्यानं भरडायचं. सांगण्या-विचारण्याची पद्धतच नव्हती. दादाला बहिणीची माया आली, तो आदल्या संध्याकाळी गुपचूप जाऊन धान्य भरडून आला. सकाळी उठून हिनंही भरडलं. झाकण उघडून बघेल तर ती धाकटी कसली! खिट्टी ओढली आणि हंड्यात बिअरऐवजी खीर शिजायला लागली.

तेव्हा तरी दादाला हाक मारायची ना? पण पहिल्या घाण्याला विचारायला जाणं म्हणजे नाक कापून हातात देणं, असं तिला वाटलं. चाखून बघितलं तर गोडमिट्ट. मग गोड मारायला तिनं हॉप्सची कडू फुलं दुप्पट टाकली. तयार झालं ते काळंकुट्ट, जाड आणि असलं कडूजहर, की पिणाऱ्याचे डोळे आधी मिटावेत आणि मग पाणावावेत.

चव घेण्याचीही त्यांची एक पद्धत होती. ज्यानं घाणा केला त्यानं काही न बोलता दादापुढे ग्लास ठेवायचा आणि दादानं दोनातला एक शब्द बोलायचा. ‘बाहेर’ म्हणजे विकायला. ‘मोरी’ म्हणजे ज्यानं ती केली त्यानंच स्वतःच्या हातानं एकेक बाटली मोरीत ओतायची. दादा म्हणाला, मोरी. धाकटी म्हणाली, अर्धं धान्य तुझं, तेव्हा अर्ध्या बाटल्या तू ओत. दादा म्हणाला, मी मदत केली तर मलाच शिक्षा? ती म्हणाली, मदत केली ती सांगितलीस का? शब्दाला शब्द वाढला. ती ओतेपर्यंत हंड्याला हात लावायचा नाही, असं दादानं बजावलं. तिनं सांगितलं, लावत नाही जा. संपलं! दोघंही एकाच आईच्या पोटची, माघार घेणार कोण?

वहिनीनं दोघांची समजूत घालून बघितली, शेवटी तुम्हा दोघांनाच एका बाटलीत कोंबून वर बूच मारायला हवं म्हणाली आणि नाद सोडला. बाटल्यांचे खोके तळघरात पडून राहिले. पुढे ओलीनं तळघरातल्या टेबलाचे पाय कुजले, तेव्हा वहिनीनंच पायांच्या जागी ते खोके लावून टाकले. भरल्या बाटल्यांचे खोके, कशाला हलतायत! त्या टेबलाशी बसून दादा वर्षानुवर्षं नव्या घाण्यांची चव घेत आला. बिअर दुधासारखी ताजीच हवी, शिळी झाली की मेली, हे त्याचं ठाम मत. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते टेबलावर मूठ आपटून सांगायचा.

अशात दादाच्या गुडघ्यांनी दगा दिला. खांदाही धरला. हंड्यातलं दाट धान्य ढवळायचं म्हणजे काय पोरखेळ नव्हे. त्यानं मनाशी ठरवलं, हंडा भंगारात द्यायचा, दुसऱ्याची बिअर आणून फक्त बाटल्या भरायच्या. हे धाकटीला कळलं ते ज्या दिवशी भंगारवाला यायचा त्याच दिवशी, आणि तेही वहिनीकडून.

“हे अजून म्हणतायत,” वहिनी म्हणाली, “तिनं त्या बाटल्या ओतल्या तर हंडा तिचा. घे ना ग एकदा कमीपणा. काय झिजणार आहे तुझं?”

धाकटी तरातरा निघाली ती भांडायलाच. पण वाटेत हंड्याची खोली लागली. हंडा आतून घासून लखलखीत करून ठेवलेला, भंगारात जायचा तरी दादानं घासला होता. ते बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला. रोज या दारावरून जाताना ती आत डोकावून हंडा बघायची, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाटल्या धुवायला तिचा जन्म झाला नव्हता आणि हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता अभिमान धरून बसली तर हंडाच उरणार नव्हता. ती मुकाट्यानं तळघरात उतरली, टेबलाच्या एका कोपऱ्याखाली विटा सरकवल्या आणि तिथला खोका उचलून मोरीवर आणला.

पदर खोचून पाटावर बसली. पहिलं बूच काढलं. मनात म्हणाली, घे रे दादा, जिंकलास. बाटली तिरकी केली आणि हात तिथंच थांबला. वास आला. जहर नव्हे, भलताच छान वास. खजुराचा, जळत आलेल्या साखरेचा, जुन्या लाकडी कपाटाचा. ग्लास आणून तिनं ओतून बघितलं. तळाचा गाळ तळाशीच राहिला, वर काळीभोर, दाट बिअर आली. तिनं भीत भीत घोट घेतला.

कडूपणा गेला कुठे? होता, पण वयात आल्यासारखा शहाणा होऊन मागच्या मागे उभा होता. गोडवा मुरला होता. घोट गिळल्यावरही चव जिभेवरून हलेना. एखादी बाटली लागली असेल चुकून, म्हणून तिनं दुसरी फोडली, मग तिसरी. सगळ्या तशाच! काळोखात, गारव्यात, कुणी न हलवता पडून राहिल्या आणि आपल्या आपण सुधारल्या. मोरीच्या पाटावर बसून धाकटी हसायला लागली, हसता हसता रडली, आणि रडता रडता तिला पुन्हा दादाचा राग आला. मग तिनं तोंड धुतलं आणि एक ग्लास स्वच्छ पुसून भरला.

दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. भंगारवाला येऊन दोरखंड सोडत होता. धाकटीनं रीतीप्रमाणे काही न बोलता ग्लास पुढे ठेवला. दादानं रंग बघितला, वास घेतला, एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. दादा दुसरा घोट कधी घेत नसे.

“कुणाची ग ही?” त्यानं विचारलं.

धाकटीनं खोचलेला पदर सोडला.

“ज्यानं केली त्याला जाऊन भेटायला हवं. आपल्याला जन्मात जमली नाही अशी. कुठं राहतो हा माणूस?”

“तुझ्या टेबलाखाली,” धाकटी म्हणाली. “इतकी वर्षं तिच्याच डोक्यावर मूठ आपटत होतास. अर्धं धान्य तुझं, अर्धं माझं.”

दादानं ग्लासाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कान लाल झाले. पुन्हा भांडण जुंपणार म्हणून वहिनी दारात येऊन उभी राहिली. पण दादानं आधी ग्लास रिकामा केला.

“बाहेर,” तो म्हणाला.

भंगारवाल्याला दोरखंड गुंडाळायला सांगितला. बिचारा वैतागला, पण त्यालाही एक ग्लास मिळाल्यावर त्यानं काही तक्रार केली नाही, उलट पुढच्या खेपेला कधी येऊ असं विचारून गेला.

मग बराच वेळ भाऊ-बहीण अंगणातच बसून राहिली. हीच पुन्हा जमेल का, असं दादानं विचारलं. जमेल की, धाकटी म्हणाली, पण पहिली काही वर्षं तोंडात धरवणार नाही, ठेवून द्यावी लागेल. कुठं ठेवणार? टेबलाला पाय लागतीलच की. यावर दादा हसला, मग गुडघे चोळत म्हणाला, “तोवर मी असेन का ग?”

धाकटीनं त्याचा रिकामा ग्लास उचलला.

“न असून सांगतोस कुणाला?” ती म्हणाली. “बाहेर की मोरी, हे सांगायला दुसरं कोण आहे आपल्याकडे? ठरलं तर. तू थांबायचं.”

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली. वहिनी चहा ठेवत होती. तिनं सांगितलं, हे काल संध्याकाळी कुठं तरी गायब होते, आले ते पायरीपायरीला कण्हत, आणि अंगभर पीठ. मी विचारलं तर माझ्यावरच डाफरले.

धाकटी माळ्यावर गेली. या वेळी मात्र तिनं पिंपाचं झाकण उघडून बघितलं. भरडलेलं धान्य शिगोशीग भरून ठेवलेलं होतं, एका घाण्याला पुरेल इतकं. तिनं पिंपाच्या काठावर हात ठेवला. मग झाकण लावलं, धान्याचं नवं पोतं ओढलं आणि गिरणी सुरू केली.