शिहताईंची थरथरणारी स्क्रीन

शिहताई तिसऱ्यांदा लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा.

“कुओभाऊ, अजून थरथरतेच आहे हो स्क्रीन.”

पहिल्या खेपेला मी स्क्रीन चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं होतं. दुसऱ्या खेपेला बिजागरीतून जाणारी केबलच बदलली. तैवानमधल्या तैनान शहराच्या या गल्लीत बावीस वर्षं मी हेच करतोय. स्क्रीन थरथरली की बहुतेक वेळा केबलच असते. पण ही माझ्या दुकानात एकदाही थरथरली नाही. दोन दिवस चालू ठेवली, झाकण पुढेमागे केलं, टिचक्या मारल्या. काही नाही.

ताई शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं घरी बसून तपासतात. “अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं,” त्या म्हणाल्या. “डोळे दाखवून आले, डोळे उत्तम आहेत म्हणे. आमचे हे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. त्याचीच लाज वाटली आणि म्हणालो, “दुपारी घरी येऊन बघतो.”

घरी त्यांचे यजमान युंग-चांग पेरू कापत बसले होते. बसचालक होते, आता निवृत्त. “या. भूत उतरवायला आलात?”

मी चार्जर बदलला. मग काढूनच टाकला. ताई पडदे ओढून कामाला बसल्या.

“हे बघा, आता. दिसतंय ना?”

मी वाकलो. युंग-चांगही वाकले. “काय दिसायचंय?” ते म्हणाले. मलाही काही दिसेना. लॅपटॉप टीव्हीला जोडला, तर ताई म्हणाल्या, “इथे नाही थरथरत.” मी आणखीच गोंधळलो. मनाचे खेळ असते, तर टीव्हीवरही झाले असते.

काही सुचेना, म्हणून दुकानात पडताळून बघायला सेटिंगच्या पानाचा फोनने फोटो काढायला गेलो. फोनच्या कॅमेऱ्यात लॅपटॉपच्या स्क्रीनभर काळे पट्टे सरकत होते. मी फोनची काच पुसली. पट्टे तसेच.

“ताई, स्क्रीन इतकी मंद का ठेवलीय?”

“कामाला बसले की कमी करते. भगभगीत सोसत नाही मला.”

दुकानात मी दोष शोधायचा म्हणून दर वेळी उजेड पूर्ण वाढवत होतो. आता वाढवला, पट्टे गेले. कमी केला, परत आले. काही स्क्रीन मंद केल्या की मागचा दिवा सेकंदाला शेकडो वेळा विझतो आणि पेटतो. बहुतेकांना ते जाणवत नाही. ताईंना का जाणवतं, ते मला आजही सांगता येत नाही.

मंद केली तरी न लुकलुकणारी, दुसऱ्या जातीची स्क्रीन मागवायचं ठरलं. तोवर मी उजेड पूर्ण ठेवला आणि पानांचा रंग गडद करून दिला. ताई वाचायला लागल्या. एकामागून एक पानं पुढे सरकवत राहिल्या.

युंग-चांग आपला फोन घेऊन आत गेले होते. “अगं, स्वयंपाकघरातल्या दिव्यातही पट्टे आहेत,” ते तिकडून म्हणाले.

“चार वर्षं सांगतेय,” ताई वर न बघता म्हणाल्या.

त्यांनी शिडी कुठे ठेवलीय, एवढंच विचारलं.