अलकाकाकूंच्या कोळंब्या

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाताना अलकाकाकूंनी रेवतीच्या हवाली घर केलं नाही, की नवरा केला नाही. घराची किल्ली तिच्याकडे होतीच, आणि बळवंतकाका स्वतःचं स्वतः बघायला समर्थ होते. काकूंनी तिच्या हवाली केली ती दिवाणखान्यातली काचेची टाकी.

टाकीत मासे नव्हते. नखाएवढ्या, लालचुटुक कोळंब्या होत्या. "माझ्या माहेरी रत्नागिरीला हिला आमटीत टाकतात," काकू सांगायच्या, "आणि मी इथे दिल्लीत बसून हिला पालक उकडून घालते. माझ्या आईला कळलं तर ती मला वाळीत टाकेल." असं म्हणत त्या पालकाचं पान चिमटीने अलगद पाण्यात सोडायच्या.

रेवती मयूर विहारमधल्या त्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत पेइंग गेस्ट होती. पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून ती नोएडातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. गेल्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दिल्लीत येऊन धड बस्तानही बसलं नव्हतं तेव्हा, तिला डेंग्यू झाला. आई पुण्याहून येऊन पोचेपर्यंत काका-काकू आळीपाळीने हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसले होते. प्लेटलेट्स घसरत होत्या तेव्हा काका कुठून तरी पपईची पानं घेऊन आले आणि त्यांचा रस काढून तिच्यापुढे धरला. त्या रसाने काही होतं याला पुरेसा पुरावा नाही, हे तिला ठाऊक होतं. रस कारल्यापेक्षा कडू होता. काकांच्या चेहऱ्याकडे बघून तिने तो निमूट प्यायला.

काकूंनी टाकी सोपवली तेव्हा म्हणूनच रेवतीला बरं वाटलं. या घराचं काहीतरी आपल्यालाही करता येईल असं पहिल्यांदा वाटलं.

पण काकू गेल्या आणि पाठोपाठ दिल्लीचा उन्हाळा टाकीत उतरला. पाणी कोमट झालं, झाडांची पानं पारदर्शक होत होत विरघळून गेली. रेवतीने टाकीवर पंखा रोखला, बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवल्या, आणि कोळंब्या वाचवल्या. झाडं मात्र गेली. आता सप्टेंबर उजाडला होता, दोन माद्यांच्या पोटाखाली अंड्यांचे घोस लटकत होते आणि रविवारी सकाळी काकू परत येणार होत्या. कोळंबीची पिल्लं पानांवर साचणारा बुळबुळीत थर खाऊन वाढतात. त्यांच्यासाठी झाडं हवी होती. शिवाय काकूंनी दार उघडल्यावर उजाड टाकी बघावी, हे रेवतीला सहन होणार नव्हतं.

झाडं तिने नोएडातल्या दुकानातून आणली. दुकानदार नीरज म्हणाला, "मॅडम, सीधे डाल दो, कुछ नहीं होता."

माशांना बहुधा झालंही नसतं. पण ही झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवतात आणि कीड लागू नये म्हणून त्यांच्यावर फवारणी करतात. माशाला न जाणवणारा अंश कोळंबीला पुरेसा होतो. एक झाड चुकलं तर काकूंनी सहा वर्षं सांभाळलेलं ते सगळं लाल गोकुळ एका रात्रीत संपणार.

म्हणून रेवतीने घाई केली नाही. तिने झाडं कुंड्यांतून सोडवली, कुंडीत मातीऐवजी भरलेल्या कृत्रिम लोकरीचे मुळांत गुरफटलेले तुकडे चिमट्याने वेचून काढले, सडकी पानं खुडली. गोगलगाईंची अंडी मरावीत म्हणून झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि मग खळखळून धुतली. नंतर ती बाल्कनीतल्या बादलीत ठेवून रोज पाणी बदलत राहिली.

विष पुरतं गेलं की नाही, हे ओळखायचं कसं? तपासणीचं यंत्र प्रयोगशाळेत होतं, पण घरच्या कोळंब्यांसाठी ते कोण लावू देणार? तिने दुसरा मार्ग काढला. जे विष कोळंबीला मारतं, ते डासाच्या अळीलाही मारतं. ऑफिसच्या मागच्या एका टाकून दिलेल्या कुंडीत साठलेल्या पाण्यात अळ्या वळवळताना तिने पाहिल्या होत्या. त्यातल्या थोड्या तिने डब्यात घालून आणल्या. काही झाडांच्या बादलीत सोडल्या आणि काही शेजारी नुसत्या पाण्याच्या बरणीत, तुलनेसाठी. दोन्हींच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा ताणून पक्का बांधला. आत डास झाला तरी उडून जाण्याची सोय नव्हती.

एक गोष्ट तिने केली नाही. काकांना सांगितलं नाही.

त्याला कारण होतं. बळवंतकाका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या डेंग्यू समितीचे प्रमुख होते, आणि रेवतीच्या आजारपणानंतर त्यांनी ते पद फारच मनावर घेतलं होतं. गळ्यात टॉर्च आणि हातात औषधाची बाटली घेऊन ते दर शनिवारी घरोघरी कूलर तपासत. "डेंग्यू अंकल आ गए, कूलर खाली करो!" अशी जिन्यात हाकाटी व्हायची. अशा माणसाला, तुमच्याच बाल्कनीत मी अळ्या पाळल्या आहेत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी सकाळी रेवतीने जाळीतून डोकावून पाहिलं. बादलीतल्या अळ्या बरणीतल्या अळ्यांइतक्याच जोमात वळवळत होत्या. झाडं स्वच्छ झाली होती. अळ्या बघून एवढा आनंद झालेली दिल्लीतली आपण एकटीच असू, असं म्हणून ती हसली आणि प्रयोगशाळेत गेली. त्या शनिवारी तिला सुट्टी नव्हती.

संध्याकाळी आल्या आल्या तिने जाळी सोडली, झाडांचा जुडगा उचलला, निथळवला आणि टाकीचं झाकण सरकवलं. कोळंब्या काचेजवळ आल्या होत्या. जुडगा पाण्यापासून वीतभर वर असताना ती थांबली. प्रयोग संपवायचा तर शेवटचं निरीक्षण राहिलं होतं. झाडं ताटात ठेवून ती बाल्कनीत परत गेली.

बादलीच्या तळाशी अळ्या निपचित पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

तिने बरणी उचलली. बरणीत झाडाचं पानसुद्धा नव्हतं, आणि तिथल्याही सगळ्या मेल्या होत्या. म्हणजे दोष झाडांचा नव्हता. दिवसभरात दोन्हीकडे बाहेरून काहीतरी पडलं होतं.

तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि हाक मारली, "काका, बाल्कनीत कोणी आलं होतं?"

"मीच आलो होतो," काका वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले. आवाजात समितीचा प्रमुख होता. "आणि बघितलं मी सगळं. रेवती, अगं माझ्या घरात अळ्या? कूलरवरून मी त्या शेजारच्या सबनिसांशी भांडलोय! वर मच्छरदाणी बांधून, जपून ठेवल्यासारख्या!"

"जपूनच ठेवल्या होत्या, काका."

"अच्छा! मग ऐक, औषध टाकलं मी. बादलीत टाकलं, बरणीत टाकलं. एक सोडली नाही."

रेवतीने खुर्ची ओढून घेतली. मग तिने सगळं सांगितलं. झाडं, फवारणी, अळ्या कशासाठी, आणि ते औषध कोळंबीला काय करतं तेही. काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी ताटातल्या झाडांकडे पाहिलं, मग उघड्या टाकीकडे.

"म्हणजे तू ही आत घातली असतीस तर..."

"सगळ्या गेल्या असत्या."

"आणि मी तर सांगणारही नव्हतो," काका हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं, पोरीला उगाच कशाला ओशाळवाणं करायचं. गुपचूप टाकून मोकळा झालो." ते टाकीचं झाकण नीट लावायला उठले आणि पाठमोरेच बोलत राहिले. "तुझी खिडकी तिथेच उघडते गं. गेल्या वर्षी रोज सकाळी तुझा रिपोर्ट यायचा, तेव्हा अलका आधी माझ्या तोंडाकडे बघायची. पुन्हा ते नको. बाकी काही डोक्यातच आलं नाही माझ्या."

रेवतीला रागवायचं होतं. इतक्या दिवसांचं काम पाण्यात गेलं होतं आणि सकाळी काकू येणार होत्या. पण तिच्या खोलीच्या खिडकीची कोणीतरी वर्षभर काळजी वाहत होतं, हे तिला आजच कळत होतं.

"थँक्यू, काका," ती म्हणाली.

"कशाबद्दल? मी तुझी वाट लावली."

"माझ्या खिडकीकडे लक्ष ठेवल्याबद्दल. आणि पपईबद्दलही. तेव्हा म्हणायचं राहून गेलं."

"चलो," काका खाकरले, "पपईने गुण आला, हे कबूल केलंस एकदाचं."

"ते नाही केलं."

सकाळी निजामुद्दीन स्टेशनवरून काकू घरी आल्या. पिशव्या दारात ठेवून थेट टाकीपाशी गेल्या. काका शाळेतल्या मुलासारखे पुढे झाले. "अलका, चूक माझी आहे. मी तुझ्या सगळ्या कोळंब्या मारणार होतो."

"चूक माझी," रेवती म्हणाली. "मी काकांना सांगायला हवं होतं."

दोघांचं ऐकून घेता घेता काकूंचं लक्ष टाकीतच होतं. "अगं बाई, अंडी धरलीत की हिने! ह्या दुसरीनेही!" त्यांनी काचेला नाक लावलं. "एवढ्या उन्हाळ्यात जगवल्यास गं तू. मी पुण्यात पेपरात तापमान वाचायची आणि धरूनच चालले होते, की आता एकही दिसणार नाही. झाडं काय, पुन्हा येतील. दगडावर शेवाळ आहे, पिल्लांचं तोवर भागेल." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, आणि तुम्ही! औषध टाकायला दुसरी बादली मिळाली नाही?"

दुपारी नवी झाडं आली. काकूंनी पदर खोचून मुळं साफ केली, रेवतीने तुरटी मोजली. या वेळी परीक्षा उघड उघड करायची ठरली. डेंग्यू समितीच्या प्रमुखाने स्वतःच्या बाल्कनीत, जाळीखाली, अळ्या ठेवायला परवानगी दिली. एवढंच नव्हे, तर त्या आणायचं कामही अंगावर घेतलं. "तुझं ऑफिस आज बंद. मी आणतो, इथूनच. मला सगळ्या जागा पाठ आहेत." डाव आणि टॉर्च घेऊन ते निघाले.

परत आले ते दिवेलागणीला, घामाघूम होऊन. डाव कोरडा होता.

"कूलर बघितले, कुंड्या बघितल्या, गच्चीवरच्या टाक्या, मागची गटारंसुद्धा," ते सोफ्यावर टेकत हताशपणे म्हणाले. "सबनिसांनी तर दारातच हात जोडले. सगळ्या सोसायटीत एकही नाही गं, रेवती. एकही नाही!"

काकूंना हसू आवरेना. रेवतीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की या वर्षी सप्टेंबर अर्धा उलटला तरी सोसायटीतलं कोणीही तापाने आडवं झालेलं नाही. तिने काकांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांच्या हातातून डाव काढून घेतला.

"असू दे, काका," ती म्हणाली. "उद्या मी ऑफिसातून आणते."