पंगतीतली गुणी मुलगी

आमची नात स्वराली चारचौघांत कधी हट्ट करत नाही, काही मागत नाही. याचं श्रेय कुणाचं, यावरून आमच्या घरात बरीच वर्षं धुसफूस होती. आमची ही, म्हणजे श्यामला, म्हणायची, "मुळात स्वभावच तसा. आमचा सलिल अगदी असाच होता." सलिल म्हणजे आमचा मुलगा, स्वरालीचा बाप. याने लहानपणी एका बारशात पेढ्यांचं अख्खं ताट पळवलं होतं, पण आईची स्मरणशक्ती सोयीची असते. सून अपूर्वा नुसती हसायची. एकदाच म्हणाली, "आई, स्वभाव असता तर मला एवढे कष्ट पडले नसते."

गेल्या वर्षी अपूर्वा डेंग्यूने गेली. ताप आला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. वाद घालायला कुणी उरलं नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही कुठल्याच कार्याला गेलो नाही. वर्षश्राद्ध झालं आणि शेजारच्या कल्याणीताईंच्या नातवाची मुंज आली. त्या मुंजीला जाणं भाग होतं.

कार्यालयात पंगत बसली. स्वराली आम्हा दोघांच्या मध्ये होती. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर पानात आधीच वाढलेली. सगळे जेवायला लागले, ही मात्र हात मांडीवर ठेवून बसली. वाढपी जिलब्या घेऊन आला, ही म्हणाली, "नको." मठ्ठ्यालाही "नको."

समोरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती गुणी पोर आहे हो. नाहीतर आमची कार्टी."

"स्वभावच तसा तिचा," श्यामला म्हणाली. मला विलक्षण राग आला. नेमका कुणाचा, ते कळेना. पोरीच्या पानातलं शीतसुद्धा हललं नव्हतं.

मी वाकून विचारलं, "भूक नाही का गं?"

"आहे."

"मग जेव की."

ती हळूच म्हणाली, "दुसऱ्यांकडे आधी नको म्हणायचं. मग आईकडे बघायचं. आई मानेनं हो म्हणाली की घ्यायचं."

श्यामलाचा घास हातातच राहिला. मग ती समोरच्या बाईंना म्हणाली, "स्वभाव नाही हो. हिच्या आईने लावलेलं वळण आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ज्या सुनेने ते ऐकायला हवं होतं ती आता नव्हती.

श्यामलाने डोळे पुसले, ती नातीकडे वळली आणि मानेनं हो म्हणाली. मीही म्हणालो.

स्वराली आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत राहिली. हात मांडीवरच होते.

"आजी," ती म्हणाली, "तुझं हो चालतं का, ते आईने सांगितलं नाही."