माफीची चिठ्ठी

हरताळाच्या दिवशी अंबिका परब प्रयोग अर्धा टाकून पळाली, हे काही खोटं नव्हतं. परळच्या एका संशोधन संस्थेत ती जिवाणूंचा डीएनए तापवून पाही. तापला की त्याचे एकमेकांभोवती वळलेले दोन धागे सुटत आणि यंत्रावरचा आकडा चढे. त्या दिवशी आकडा चढला, नळ्या उकळत्या पाण्यातच होत्या, आणि खालून कुणीतरी ओरडलं, मोर्चावर गोळीबार झाला! मोर्चात तिचे वडील सीताराम होते. तिने गॅस बंद केला, भांड्यावर झाकण टाकलं आणि डिलाईल रोडपर्यंत धावत सुटली. सीताराम सुखरूप होते. घोषणा देऊन घसा तेवढा बसला होता.

दुसऱ्या सकाळी नळ्या गार पडलेल्या. फेकायच्या आधी तिने सहज आकडा पाहिला. तो उतरून जवळजवळ मूळच्या जागी आला होता! झाकलेलं पाणी सावकाश निवत गेलं आणि सुटलेल्या धाग्यांनी आपापले जोडीदार शोधले होते. तिने तीनदा मोजलं, वहीत सगळं लिहिलं आणि मार्गदर्शक डॉ. हेरंब कारखानीस यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

सरांनी आकड्यांवरून नजर फिरवली आणि वही ठेवून घेतली.

"अगं, प्रयोग सोडून गेलीस हे वरपर्यंत पोचलंय. नोकरी जाईल. तू मला मुलीसारखी, म्हणून सांगतो. माफी लिहून दे. निष्काळजीपणा झाला, त्या दिवसाचे निकाल बाद समजावेत. बाकी मी बघतो."

तिने लिहून दिलं. वर कृतज्ञतेने रडलीसुद्धा.

"देवमाणूस गो तुझो सायब," सीताराम म्हणाले.

सहा महिन्यांनी देवमाणसाचा निबंध छापून आला. सुटलेले धागे थंड केल्यावर पुन्हा जुळतात, म्हणे. आकडे तिचे, दशांशासकट. नाव एकट्या कारखानीसांचं.

"सर, हे काम माझं आहे."

त्यांनी शांतपणे खण उघडून चिठ्ठी समोर धरली. "तुझे निकाल तूच बाद केलेस ना? अक्षर तुझंच आहे."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. नाव गेल्याचं दुःख होतंच, पण त्या माणसासमोर आपण आभार मानून रडलो, याची तिला जास्त लाज वाटत राहिली.

मग दिल्लीहून तज्ज्ञ आले. प्रयोग प्रत्यक्ष दाखवायचा होता, आणि हात अर्थातच अंबिकाचे. तिने नळ्या तापवल्या, आकडा चढला.

"आता हे झाकून ठेवायचं, सर. उद्या सकाळपर्यंत."

"पाहुण्यांना चारची गाडी आहे. बर्फ आण. थंड म्हणजे थंड!"

घाई केली तर धागे जुळत नाहीत, हे तिने वहीत चौथ्याच ओळीत लिहिलं होतं. सरांनी आकडे उतरवून घेतले, ती ओळ वाचायची राहिली. अंबिकाने बर्फ आणला आणि नळ्या त्यात गाडल्या.

आकडा वरच राहिला. पुन्हा मोजला, तरी वरच.

"निबंधात किती वेळात थंड करायचं ते दिलेलं नाही," पाहुण्यांनी विचारलं. "तुम्ही कसं केलं होतंत, डॉक्टर?"

कारखानीसांनी घाम पुसला आणि तिच्याकडे पाहिलं. "अंबिका, काय झालं हे?"

"माझी चूक झाली असेल, सर," ती म्हणाली. "लिहून देऊ?"