दोन नंबर कोर्टावरचे वाद

आमच्या क्लबात मातीची तीन कोर्टं आहेत. एक नंबरवर तरुण खेळतात, तीन नंबरवर शिकाऊ खेळतात आणि दोन नंबरवर, सकाळी साडेसहा ते आठ, आम्ही चौघं भांडतो. मधूनमधून टेनिसही होतं.

चौघं म्हणजे दंतवैद्य, मास्तर, वकील आणि मी. दंतवैद्याचा दवाखाना अजून चालू आहे, फक्त हल्ली तो अकराच्या आधी कुणाचं तोंड उघडत नाही. हात स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो, असं त्याची नर्स सांगते. मास्तरांनी छत्तीस वर्षं भूमिती शिकवली. बॉल कुठल्या कोनातून कुठे जाणार हे त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळतं. तिथे जाऊन पोचणं हा त्यांचा विषय नव्हता. वकील हे वकील आहेत. मी इंजिनियर. जुन्या इमारती हातोडीने ठोकून बघायच्या आणि ‘किरकोळ दुरुस्ती केल्यास आणखी दहा वर्षे राहण्यायोग्य’ असं प्रमाणपत्र द्यायचं, हा माझा धंदा. वय एकसष्ट. क्लबच्या रजिस्टरात अठ्ठावन्न आहे, आणि गेली तीन वर्षं ते अठ्ठावन्नच आहे.

आमच्याकडे पंच नसतो. बॉल ज्याच्या बाजूला पडतो त्याने सांगायचं, आत की बाहेर. पटलं नाही तर मातीत उमटलेला ठसा जाऊन बघायचा. पहिली दहा वर्षं आम्ही असे ठसे क्वचितच बघितले. पन्नाशीनंतर मात्र रेषेजवळ पडणाऱ्या बॉलांची संख्या एकदम वाढली.

ठसा बघायचा म्हणजे चौघांनी तिथवर चालत जायचं. तिथे गेल्यावर लक्षात यायचं, की चष्मे पिशवीत आहेत आणि पिशव्या पलीकडच्या बाकावर. चष्मे आणायचे. मग मास्तर रॅकेटच्या टोकाने ठशाभोवती वर्तुळ काढायचे आणि रेषेपासून लंब टाकायचे. दंतवैद्य गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा आणि त्याला पुन्हा सरळ करायला एक माणूस लागायचा. मग वकील उभे राहायचे. हे सगळं होईपर्यंत चारपाच मिनिटं जायची, धाप ओसरलेली असायची, आणि पुढच्या पॉइंटला चौघंही वाघासारखे उभे.

कुणी कधी ‘दमलो’ म्हटलं नाही. दमलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून बाकावर बसतो. चिडलेला माणूस कोर्टावरच राहतो. पूर्वी सेटमागे दोन वाद व्हायचे, आता गेममागे तीन होतात, एवढाच काय तो फरक. आमचा खेळ तसाच आहे.

“अहो, दीड तास खेळून आलात आणि शर्ट कोरडा?” बायकोने एकदा विचारलं होतं.

“हवा कोरडी आहे.”

“हो का? माझ्या ओट्यावरचं फडकं तर तीन दिवस वाळत नाहीये.”

असं सुरळीत चाललं होतं आणि वकिलांचा उजवा गुडघा बदलायचा ठरला. तीन महिने चौथा माणूस नाही. दंतवैद्य म्हणाला, “माझी सून येईल. कॉलेजात असताना खेळायची. चालेल ना?”

मास्तर म्हणाले, “चालेल की. आपण जरा हळू खेळू.”

सून चौतीस वर्षांची, भूलतज्ज्ञ. म्हणजे ऑपरेशन चालू असताना बाकी सगळे जखमेकडे बघतात तेव्हा ही श्वासाकडे बघते. पहिल्या दिवशी आली, मास्तरांना आणि मला हसून “गुड मॉर्निंग काका” म्हणाली, आणि जी सर्व्ह केली ती मास्तरांनी कान लावून ऐकली. दिसली कुणालाच नाही.

तिचा खेळ चांगला होता, त्याचं काही नाही. अडचण तिच्या स्वभावाची होती. पोरगी वाद घालायची नाही. तिच्या बाजूला बॉल रेषेच्या आसपास कुठेही पडला की हात वर करून म्हणायची, “आत आहे, काका. तुमचा पॉइंट.” आमच्या बाजूला पडलेला आम्ही बाहेर दिला, की म्हणायची, “काका म्हणतात बाहेर, तर बाहेर.” आणि लगेच पुढच्या पॉइंटला तयार. एवढा सुसंस्कृतपणा आमच्यापैकी कुणाच्या तब्येतीला झेपणारा नव्हता.

पहिल्या दिवशी पन्नास मिनिटांत दोन सेट झाले. बावीस वर्षांत एका सकाळी दोन सेट आम्ही बघितले नव्हते. मास्तर जाळीला धरून उभे होते. दंतवैद्य जांभळ्या ओठांनी म्हणाला, “काय… कशी आहे… आमची सून?”

“छान,” मी म्हणालो. दुसरा शब्द निघेना.

पुढच्या आठवड्यात मी उपाय करून बघितले. माझा एक शॉट तिच्या बाजूला पडला.

“बाहेर होता,” मीच ओरडलो.

“नाही काका, आत होता. तुमचा पॉइंट.”

“अगं, मी बघितला ना डोळ्यांनी! चांगला वीतभर बाहेर होता!”

“बरं, मग माझा. तीस-पंधरा.” आणि सर्व्ह आलीसुद्धा.

मग मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी ती जाळीला वळसा घालून धावत आली, माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, “थांबा काका, दुहेरी गाठ मारते. आता सुटायची नाही.” ती गाठ घरी कात्रीने कापावी लागली. शर्ट मात्र आता रोज पिळून निघत होता, आणि बायको तो दोन बोटांत धरून म्हणायची, “आता कसं, खेळून आल्यासारखं वाटतं.”

हे तीन महिने कसेबसे काढले असते. पण मधेच वर्षाचा फॉर्म आला. आमच्या क्लबात राखीव वेळेसाठी दर वर्षी चार नावं द्यावी लागतात. चारच. पाचवं लिहिलं तर ऑफिसातला कारकून लाल रेघ मारतो. ज्याचं नाव नाही त्याने सकाळी येऊन बाकावर बसायचं आणि कुणी आलं नाही तर खेळायचं. त्या बाकावर बसणारे लोक मी बघितले आहेत. त्यांना पहिल्या महिन्यात सगळे ‘या, या’ म्हणतात. दुसऱ्या महिन्यात त्यांना पिशव्या सांभाळायला देतात.

फॉर्म दंतवैद्य भरतो. तो म्हणाला, “रविवारपर्यंत द्यायचाय. सुनेचं नाव टाकणार आहे मी, आधीच सांगतो. मी आहेच. मास्तरांशिवाय स्कोअर कुणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हा…”

“तेव्हा काय?”

“तेव्हा बघू.”

म्हणजे वकील किंवा मी. मी वकिलांना फोन केला, तब्येतीची चौकशी करायला.

“अरे, फर्स्टक्लास!” ते गरजले. “काल जिना चढलो. दोन जिने! डॉक्टर म्हणतात, महिन्याभरात कोर्टावर. नवाकोरा गुडघा आहे, लेका. धातूचा!”

“वा, वा,” मी म्हणालो. “पण घाई करू नका हां. धातू म्हटलं की थकवा येतो त्यालाही. आमच्या शास्त्रात आहे ते.”

“तुझ्या शास्त्रावर उभ्या असलेल्या इमारतीखालून मी जात नाही,” वकील म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी आम्ही उतरलो, तेव्हा काही बोलायची गरज नव्हती. मी आणि मास्तर एका बाजूला, दंतवैद्य आणि सून दुसऱ्या बाजूला. फॉर्म दंतवैद्याच्या पिशवीत, त्याचा कोपरा बाहेर आलेला. मला धापा टाकायच्या नव्हत्या, थांबायचं नव्हतं आणि नाडी तर बघायचीसुद्धा नव्हती. आदल्या दिवशी आरशासमोर मी तोंड मिटून धापा टाकायचा सराव केला होता. त्यात माणूस रागावलेल्या बेडकासारखा दिसतो, पण आवाज येत नाही.

पाच-पाच झाले. तेव्हा मला कोर्टाच्या कडेला चार नाही, सहा रेषा दिसत होत्या. दंतवैद्य पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता आणि बॉल त्याच्याजवळून गेला की मान वळवून त्याला निरोप देत होता. मास्तर स्कोअर सांगायचे थांबले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आणि मग तो बॉल आला. माझ्या डाव्या हाताला, उंच, आरामात. मी पाऊल टाकलं, खांदा वळला, आणि वीस वर्षांपूर्वी जसा जायचा तसा बॅकहँड रेषेला समांतर सरळ गेला. दंतवैद्याने त्याला निरोपही दिला नाही, इतक्या वेगात. कोपऱ्यात, रेषेच्या चांगला हातभर आत पडला. त्या वर्षातला माझा सर्वोत्तम शॉट. खरं तर त्या दशकातला.

“बाहेर,” सून म्हणाली.

दोन महिन्यांत पोरीने एक बॉल बाहेर दिला नव्हता.

“काय?” मास्तर म्हणाले.

“बाहेर होता, काका.”

“अगं, आंधळ्यालाही दिसेल!” मी रॅकेट टाकून निघालो. जाळीला वळसा घातला. चष्मा न घेताच ठसा दिसत होता, स्वच्छ, गोल, आत. “हा काय? हा काय आहे मग?”

“तो कालचा आहे.”

“काल संध्याकाळी पाणी मारून रूळ फिरवलाय कोर्टावर!”

“मग रुळाचा असेल.”

“रुळाचा ठसा गोल?” मास्तर तावातावाने आले. “बाळ, रूळ हा दंडगोल असतो. दंडगोल सपाटीला टेकला की आयत उमटेल. वर्तुळ उमटायला तो उभा करावा लागेल!”

“उभा केला असेल, काका. मी नव्हते तिथे.”

माझा संताप खरा होता, अगदी मनापासूनचा. मी हात उडवले, आकाशाकडे बघितलं, बावीस वर्षांच्या मैत्रीचा दाखला दिला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की सून ठशाकडे बघतच नाहीये. तिने सासऱ्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं होतं, त्याचा हात लाडाने धरल्यासारखा धरला होता आणि तिची दोन बोटं त्याच्या मनगटावर होती. डोळे माझ्या गळ्यावर. ओठ हलत होते. ती मोजत होती.

मास्तर अंतर मोजायला पिशवीतली दोरी आणायला बाकाकडे गेले, तशी ती हळूच म्हणाली, “अजून तीन मिनिटं ओढा, काका. बाबांचे ठोके खाली येतायत. तुमचेही येतील. मला आधी कळायला हवं होतं हे, चुकलंच माझं.”

मी तिच्याकडे बघितलं. मग ठशाकडे बघितलं. “बॉल आत होता,” एवढं मी शांतपणे म्हटलं असतं, तर तिने तिथल्या तिथे पॉइंट दिला असता. शॉट माझा राहिला असता आणि पुढचा पॉइंट लगेच सुरू झाला असता. दंतवैद्याचे ओठ अजून जांभळे होते. माझे कसे होते ते मला दिसत नव्हतं, पण सहा रेषांच्या आता पाच झाल्या होत्या.

“रुळाचाही असू शकतो,” मी म्हणालो.

मास्तर दोरी घेऊन जागच्या जागी थांबले. “तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“सत्याच्या. तुम्ही आधी मोजा तरी.”

त्यांनी मोजलं. मी दोरी ताणली जाते, असा आक्षेप घेतला. मास्तरांनी दोरीची बाजू मांडली. मी ओल्या मातीच्या आकुंचनाबद्दल बोललो, त्यातलं निम्मं खरं होतं. अकरा मिनिटं झाली. शेवटी पॉइंट परत खेळायचं ठरलं, आणि तो मी जाळीत मारला. पुढचा गेमही गेला. सेट सात-पाच.

बाजू बदलताना मी तिला गाठलं. “इतका आतला बॉल बाहेर देतात का कधी? जरा रेषेजवळचा निवडायचा. कुणाचा विश्वास तरी बसला पाहिजे.”

“रेषेजवळचा यायची वीस मिनिटं वाट बघितली, काका,” ती म्हणाली. “तुमचे सगळे दोन फूट बाहेर जात होते. वाद कशावर घालणार?”

बाकावर दंतवैद्याने फॉर्म काढला, चष्मा लावला आणि तीन नावं लिहिली. चौथ्या ओळीवर पेन थांबलं. मी बाटलीचं झाकण घट्ट करत बसलो, ते आधीच घट्ट होतं.

“ह्या काकांचं लिहा, बाबा,” सून म्हणाली.

“अगं, पण वकील? त्याचा खेळ याच्यापेक्षा…” दंतवैद्याने माझ्याकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं. “आणि वादच हवा असेल, तर तो तर पेशाने वादच घालतो.”

“पत्ते खेळायला येतात ना ते घरी, बघितलंय मी. वकीलकाका जिंकण्यासाठी भांडतात. पुरावा दाखवतात, अर्ध्या मिनिटात संपवतात. अर्ध्या मिनिटात तुमचे ठोके पाचनेसुद्धा उतरत नाहीत.” तिने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. “ह्या काकांकडे मुद्दाच नसतो. तरी अकरा मिनिटं.”

मास्तरांनी मान डोलावली. “आणि स्वतःच्याच विरुद्ध. हे सगळ्यांना जमत नाही.”

मी इतक्या वर्षांत माझ्या बॅकहँडचं कौतुक ऐकलं आहे, सर्व्हचं ऐकलं आहे, एकदा तर माझ्या पायांच्या चपळाईचंही ऐकलं आहे, तेव्हा मी अडतीसचा होतो. हे नवीन होतं. उठून जावं, असं एकदा वाटलं. पण उठून जायचं म्हणजे उठावं लागतं.

“लिही,” मी म्हणालो.

दंतवैद्याने लिहिलं. वयाच्या रकान्यात त्याने विचारलंही नाही, अठ्ठावन्न टाकलं.

“आता वकिलांना हे कोण सांगणार?” मास्तरांनी विचारलं.

“तू सांग,” दंतवैद्य मला म्हणाला. “जागा तुला मिळाली.”

“फॉर्म तू भरलास. आणि सून तुझी.”

“मास्तर मोठे आहेत आपल्यात.”

“मोठे? किती महिन्यांनी? दाखला आहे का कुणाकडे?” मास्तर उसळले.

आठ वाजायला पंचवीस मिनिटं होती. मी पाय लांब केले, पाठ बाकाला नीट टेकली आणि मुद्द्याला हात घातला.