हार्लोला गेलेलं विमान

फ्रीजच्या पोटात बर्फाचे खडे धडधडत कोसळले आणि टेबलाभोवती बसलेले आम्ही तिघंही दचकलो. एवढी शांतता पडली होती. ती मीच पाडली होती. मी वॉरेल कॉलेजच्या कोच ऑस्टरना विचारलं होतं, "कोच, कॉलेजचं विमान आज सकाळी हार्लोला कशाला गेलं?"

कोचनी चमचा खाली ठेवला. मी केलेला गंबो, कोळंबीचा दाट रस्सा, त्यांच्या वाडग्यात अर्धा उरला होता. माझा धाकटा भाऊ लेव्हॉन माझ्याकडे असा बघत होता, जणू पाहुण्याच्या पुढ्यातलं ताटच मी ओढून घेतलं होतं.

वाडग्याशेजारी कागद होता. लेव्हॉननं गावातल्याच वॉरेल कॉलेजकडून फुटबॉल खेळायचा आणि त्या बदल्यात कॉलेजनं त्याचं चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण बघायचं, असा. खाली दोन रेघा. एकीवर लेव्हॉनची सही झाली होती. दुसरी पालकाची. आई गेली तेव्हा तो अकराचा होता. तेव्हापासून कोर्टाच्या कागदोपत्री त्याची पालक मी आहे. त्याला अठरा पूर्ण व्हायला फेब्रुवारी उजाडणार, आणि कागद उद्या सकाळी सातला पोचायला हवा होता.

दुसरं एक कॉलेज होतं, आर्कान्सातलं. लहान, पण घडी बसलेलं. तिथला कोच अकरा वर्षं हललेला नाही. त्यांना आज सहाच्या आत उत्तर हवं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्या मुलाला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

विमानाचं मला सकाळी कामावर कळलं. पेट्रोल पंपाला लागून आमचं खाण्याचं दुकान आहे. पहाटे चारपासून मी तिथे कोंबडी तळते. खिडकीजवळच्या टेबलावर रोज साडेसहाला तिघं येतात: चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेले मिस्टर अल्फोन्स, टायरवाला क्लोविस, आणि निम्म्या गावाला गणित शिकवून दमलेल्या मिस व्हर्नीस. तिघांची वॉरेलच्या स्टेडियममधली जागाही शेजारशेजारची. जिंकल्यावर तासभर बसतात. हरल्यावर जेवायची वेळ होईपर्यंत हलत नाहीत. या वर्षी मी त्यांच्या टेबलावर कॉफीचं अख्खं भांडंच ठेवून द्यायला लागले होते.

"दोन जिंकले, नऊ हरले," क्लोविस म्हणत होता. "माझ्या दुकानातून गेलेल्या अकरा गाड्यांपैकी नऊ चाक निखळून परत आल्या असत्या, तर तू माझ्याकडे आला असतास?"

"मी तसाही येत नाही," मिस्टर अल्फोन्स म्हणाले. "माझी गाडी तुझ्याकडून आल्यापासून डावीकडे ओढते."

"विषय बदलू नकोस. चौथं वर्ष आहे ऑस्टरचं, आणि चेंडू फेकणाऱ्या पोराला राखणारी पुढची फळी ही अशी? तो पोरगा मान वर करून बघतोय तोवर आडवा. एकेचाळीस वेळा."

"त्रेचाळीस," मिस व्हर्नीस फोनमधून डोकं वर न काढता म्हणाल्या.

"फळीला धट्टीकट्टी पोरं लागतात," मिस्टर अल्फोन्स म्हणाले. "आपल्याकडची तशी पोरं मोठी कॉलेजं उचलून नेतात, त्याला तो काय करणार?"

"नेतात, कारण हा त्यांच्या घरी जातच नाही. दुसऱ्यांनी सोडलेली पोरं गोळा करतो. एक वर्ष राहतात, दुसऱ्या वर्षी बॅग भरतात. ही भरती आहे का धर्मशाळा?"

"लेव्हॉनच्या घरी गेला होता ना? पोराचा गुडघा मोडला होता तेव्हा गेला होता. तेव्हा तुझी मोठी कॉलेजं कुठे होती?"

लेव्हॉनचं नाव निघालं तशी तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी उगाच काउंटर पुसायला घेतला. गेला महिनाभर अख्खं गाव माझ्याशी गोड वागत होतं. पोस्टमन दारापर्यंत येऊन पत्रं देत होता. दातांच्या दवाखान्यात मला पहिल्यांदाच ताटकळावं लागलं नाही, आणि माझ्या तोंडात आरसा असतानाच डॉक्टरांनी विचारलं, सही करतेयस ना?

"थांबा," मिस व्हर्नीस म्हणाल्या आणि त्यांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

नकाशावर एक पिवळं विमान होतं, बोटाच्या नखाएवढं. वॉरेल कॉलेजच्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर त्यांना तोंडपाठ आहे. कोचला काढायचं ठरलं की कॉलेज कोणाला काही सांगत नाही, पण नव्या माणसाला भेटायला विमान मात्र उडतं, आणि विमान लपवता येत नाही. म्हणून नोव्हेंबर लागला की मिस व्हर्नीस दर तासाला नकाशा उघडतात.

"सहा दहाला निघालं. टेक्ससकडे. हार्लो."

"हार्लोच्या कॉलेजच्या कोचनी या वर्षी दहा जिंकले," क्लोविस म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता, चर्चमध्ये येतो तसा.

"मागच्या वेळचं विसरलात वाटतं," मिस्टर अल्फोन्स म्हणाले. "चाळीस माणसं धावपट्टीच्या कुंपणाला चिकटून उभी. क्लोविसनं स्वागत लिहिलेली चादर आणलेली. आणि उतरलं कोण? कॉलेजच्या अध्यक्षांच्या सासूबाई. चाकाच्या खुर्चीत."

"त्यांनी हात हलवला पण," मिस व्हर्नीस म्हणाल्या.

"चादर चांगली होती," क्लोविस म्हणाला.

एरवी मीही हसले असते. क्लोविस उठून काउंटरपाशी आला. "नेल, तीन महिने मी तुझ्या मागे लागलो होतो, सही कर म्हणून. आता सांगतो, थांब. नवा माणूस आला की आधीच्यानं आणलेली पोरं घालवतो. तोंडानं जा म्हणत नाही. शेवटच्या रांगेत उभं करतो. पोरगं आपणहून जातं."

"आणि ती थांबली तर आर्कान्सा थांबणार आहे का?" मिस्टर अल्फोन्स मागून म्हणाले. "घाबरवू नकोस तिला."

मी मिस व्हर्नीसकडे बघितलं. शाळेत अडलं की बघायचे, तसंच.

"विमान कुठे आहे एवढंच मला दिसतं, बाळ," त्या म्हणाल्या. "आत कोण बसलंय ते दिसत नाही."

तो प्रश्न मी दिवसभर पोटात घेऊन फिरले आणि संध्याकाळी गंबो वाढून झाल्यावर विचारून टाकला.

"हार्लोला?" कोच म्हणाले. एवढंच. पण ज्या तऱ्हेनं म्हणाले त्यावरून मला कळलं की त्यांना ठाऊक नव्हतं. दोन मिनिटांपूर्वी ते लेव्हॉनला त्याचं कपाट कोणत्या भिंतीला असेल ते सांगत होते.

त्यांनी फोन काढला. कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांना लावला. घंटा वाजत राहिली. टेबलाखाली बसून रंगवणाऱ्या माझ्या लेकीनं, इमानीनंसुद्धा खडू थांबवला. मग त्यांनी ऑफिसात लावला.

"सर प्रवासात आहेत, कोच," पलीकडच्या बाई म्हणाल्या. स्वयंपाकघर लहान, सगळं ऐकू येत होतं.

"कुठे, डोना?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बरं. मुलीचा खोकला कसा आहे?"

"कमी आहे, कोच."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मी विचारलं.

"मला नका विचारू, मॅम. उद्या सकाळी हा कागद त्यांच्या हातात पडला तर कदाचित ते विमान परत बोलावतील. असा मुलगा चार वर्षांत मी आणलेला नाही. म्हणजे मी जे काही सांगेन त्यात माझी नोकरी आलीच." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "एक सांगतो. कागद कॉलेजचा आहे. मी असो नसो, खर्च त्यांना करावाच लागेल."

"आणि खेळवतील?"

"ते कागदात नसतं."

ते उठले. वाडगा स्वतः नेऊन सिंकमध्ये ठेवला, धुतलासुद्धा. दारातून लेव्हॉनला म्हणाले, "गुडघा शेकत जा." जाळीचं दार लागलं. मोटारीचं दार लागलं. पण मोटार सुरू झाली नाही. खिडकीतून मला दिसत होतं, ते नुसतेच बसले होते.

"तू विचारायला नको होतंस, ताई," लेव्हॉन म्हणाला.

"मग कोणी विचारायचं?"

"तो माणूस आपल्या घरी जेवायला आला होता. नोकरी गेल्याचं त्याला तुझ्या तोंडून कळलं."

सव्वापाच झाले होते. मी म्हटलं, "आर्कान्साला हो म्हणूया. तिथे कोणी विमान बघत बसत नाही."

"सात तासांवर आहे."

"असू दे की."

तो आपल्या पंजाकडे बघत राहिला. पाव ठेवायच्या ताटलीएवढा पंजा आहे त्याचा. "दाजी महिन्यातले चौदा दिवस समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. तू चारला कामावर. इमानीला शाळेत कोण सोडणार?"

"म्हणजे तू माझ्यासाठी राहतोयस?"

"मग कोणासाठी राहू? क्लोविससाठी?"

आई गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याचे सगळे कपडे उशीच्या एका अभ्र्यात मावले होते. मी बावीसची होते, पोटात इमानी होती. तो झोपल्यावर त्याचे बूट मी दाराशी सरळ करून ठेवले होते, आणि तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या सोयीच्या मापानं या पोराचं आयुष्य कापायचं नाही.

"माझ्यासाठी राहायचं नाही," मी म्हटलं. "माझं मी बघेन."

"तुझ्यासाठी राहतोय. कोचसाठीपण राहतोय. मला इथल्या फळीत उभं राहायचंय म्हणूनपण राहतोय. एकच कारण पाहिजे असं कुठे आहे?" तो एवढं एका दमात कधी बोलत नाही. "गुडघा गेला तेव्हा किती फोन यायचे आठवतंय? आठवड्यात सगळे बंद. हे कोच एकटेच आले. तुझ्या सोफ्यावर बसून माझ्याबरोबर कार्टून बघितलं त्यांनी. फुटबॉलचा शब्द काढला नाही."

"तेच तिथे नसतील, लेव्हॉन. मी तेच सांगतेय."

"नसतील. नव्याला दाखवेन मी."

"आणि त्यानं शेवटच्या रांगेत उभं केलं तर?"

"तर तिथून शिकेन. हाकलेपर्यंत शिकेन." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

सहाला दहा कमी असताना फोन वाजला. आर्कान्साचे कोच. आवाज मऊ, घाई नसलेला. त्या आवाजाच्या माणसाकडे मी पोर डोळे मिटून पाठवलं असतं. "मॅम, काय ठरलं मग?"

लेव्हॉननं काही खूण केली नाही. नुसता बसला होता, लहानपणी डोकं विंचरून घेताना बसायचा तसा, सगळं माझ्यावर सोडून.

"तो इथेच राहतोय," मी म्हटलं.

"वॉरेलमध्ये काय चाललंय ते तुमच्या कानावर आलंय ना?"

"आलंय."

"बरं. पोराला माझ्या शुभेच्छा सांगा. चांगला मुलगा आहे."

मी फोन ठेवला आणि लगेच पेन उचललं, कारण हात थांबला असता तर पुन्हा उठला नसता. सही जराशी तिरकी आली. लेव्हॉननं कागदावर आपला पंजा ठेवला, जणू वारा सुटला होता. बाहेर कोचची मोटार सुरू झाली, अंगणातून मागे गेली आणि स्टेडियमच्या दिशेनं न वळता उलट दिशेला वळली.

इमानी टेबलाखालून निघून माझ्या मांडीला टेकली. तिच्या बोटांना निळा रंग लागला होता.

"आई, आमच्या मिस रोझलिन शाळा सोडून गेल्या ना, तेव्हा नव्या टीचरना माझं नाव माहीत नव्हतं. त्या तीन दिवस मला 'ए, स्वेटरवाली' म्हणायच्या."

"हो गं."

"मग हे कोच गेले तर नव्या कोचना मामाचं नाव कोण सांगणार?"